युनिट टेस्टिंगची सुरुवात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, गो, रस्ट किंवा सी-सी++ यांपैकी कशातही पहिल्यांदाच ऑटोमेटेड टेस्ट लिहायला बसलेल्यांसाठी हे पान आहे. कमांड आणि कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत.

आउटपुट स्क्रीनवर छापून बघतोच की. मग युनिट टेस्ट वेगळी काय?

छापलेलं आउटपुट बरोबर की चूक हे तुम्ही डोळ्यांनी ठरवता, आणि तेही त्या दिवसापुरतं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तेवढं पुरतं. तीन महिन्यांनी कोणीतरी त्याच फंक्शनमध्ये एक अट वाढवतं, तेव्हा जुने आकडे पुन्हा छापून बघायला कोणी बसत नाही. युनिट टेस्ट म्हणजे तुमच्या फंक्शनला ठरावीक इनपुट देऊन हाक मारणारं, आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणारं आणि जुळलं नाही तर बोंब मारणारं दुसरं छोटं फंक्शन. ते डेटाबेसला, नेटवर्कला हात लावत नाही, म्हणून अशा शेकडो टेस्ट काही सेकंदांत उरकतात. डेटाबेसला हात लावणारी टेस्टही लागते, पण ती इंटिग्रेशन टेस्ट. ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

पहिली टेस्ट कशावर लिहू?

लॉगिन पेजवर नको, एपीआयवरही नको. आत आकडा जातो आणि बाहेर आकडा येतो असं एखादं फंक्शन शोधा. वाचनालयाचा दंड काढणारं फंक्शन घ्या. नियम असा: पुस्तक परत करायला 7 दिवसांपर्यंत उशीर झाला तर दंड नाही, त्यापुढे 5 रुपये एकरकमी, शिवाय सातव्या दिवसानंतरच्या प्रत्येक दिवसाला 2 रुपये, एकूण दंड 100 रुपयांच्या वर जायचा नाही.

बहुतेक जण पहिली टेस्ट 20 दिवसांवर लिहितात. 5 अधिक 26, उत्तर 31, टेस्ट पास. पण कोडमध्ये ‘7 किंवा कमी’च्या जागी चुकून ‘7 पेक्षा कमी’ लिहिलं असेल, तरीही 20 दिवसांचं उत्तर 31च येतं. चूक सापडते ती फक्त 7 या आकड्यावर: दंड 0 यायला हवा, येतो 5. म्हणून कुंपणाच्या दोन्ही बाजूंचे आकडे घ्यायचे. 7 ला 0, 8 ला 7. वरच्या मर्यादेजवळ 54 ला 99, आणि 55 ला 100. मर्यादा लावायला विसरला असाल तर इथे 101 दिसेल. शिवाय 0 दिवस, 500 दिवस आणि उणे 1 दिवस. उणे आकडा आल्यावर एरर द्यायची की 0, हे नियमात लिहिलेलंच नाही. असे प्रश्न कोड लिहिताना सुचत नाहीत, टेस्ट लिहिताना सुचतात.

सात आकड्यांसाठी सात फंक्शन्स लिहायची गरज नाही. पायटेस्टमध्ये पॅरामेट्राइझ, जेयुनिटमध्ये पॅरामीटराइझ्ड टेस्ट, जेस्टमध्ये ईच वापरा. गोमध्ये स्ट्रक्टची एक स्लाइस करून तिच्यावर लूप फिरवतात. गोवाले याला टेबल टेस्ट म्हणतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं काम. सगळ्या टेस्ट पास झाल्या की मूळ कोडमधला 7 चा 8 करा आणि पुन्हा चालवा. लाल झालं पाहिजे, म्हणजे टेस्ट फेल गेली पाहिजे. झालं नाही, तर तुमची टेस्ट काहीच तपासत नाहीये. लाल झालं, की 8 चा परत 7 करा. हे अर्ध्या मिनिटाचं काम नवशिके हमखास टाळतात. लाल होताना कधी पाहिलीच नाही, अशा टेस्टवर विसंबू नये.

कुठल्या भाषेत काय वापरायचं?

आज दिसणारी बहुतेक फ्रेमवर्क्स एकाच घराण्यातली आहेत. केंट बेक यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी एसयुनिट लिहिलं. 1997 मध्ये त्यांनी आणि एरिक गॅमा यांनी विमानप्रवासात जेयुनिट उभं केलं. पुढे नावात ‘युनिट’ असलेली डझनावारी भावंडं आली.

पायथनमध्ये युनिटटेस्ट भाषेबरोबरच येतं, पण नव्याने सुरू करत असाल तर सरळ पायटेस्ट घ्या. साधं ‘असर्ट’ (ही अट खरी असायलाच हवी असं सांगणारी ओळ) लिहिलं तरी फेल झाल्यावर ते डावीकडची-उजवीकडची किंमत उलगडून दाखवतं. जावात जेयुनिट आणि बिल्डसाठी मेव्हन किंवा ग्रेडल. सी शार्पमध्ये एक्सयुनिट किंवा एनयुनिट, कमांड ‘डॉटनेट टेस्ट’. पीएचपीत पीएचपीयुनिट. जावास्क्रिप्टमध्ये जेस्ट आणि व्हिटेस्ट यांची चलती आहे; प्रोजेक्ट व्हीटवर असेल तर व्हिटेस्ट, आणि काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर नोडच्या 20व्या आवृत्तीपासून स्थिर झालेला अंगभूत टेस्ट रनर. गो आणि रस्टवाल्यांना निवड करावीच लागत नाही: ‘गो टेस्ट’ आणि ‘कार्गो टेस्ट’ भाषेबरोबरच येतात. सी++ साठी गूगलटेस्ट किंवा कॅच2, सी साठी युनिटी किंवा सीमॉका.

फ्रेमवर्क निवडण्यात आठवडा घालवू नका. टीममध्ये जे आधीपासून आहे तेच वापरा.

टेस्ट लिहिल्या, कमांड चालवली, एरर नाही. पण ‘शून्य टेस्ट’ असं काहीतरी दिसतं. का?

टेस्ट रनर टेस्ट शोधतो ती नावावरून किंवा खुणेवरून. नाव नियमात बसलं नाही की टेस्ट त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. प्रत्येक भाषेत खड्डा वेगळा.

पायटेस्टला फाइलचं नाव ‘टेस्ट अंडरस्कोर’ने सुरू झालेलं किंवा ‘अंडरस्कोर टेस्ट’ने संपलेलं हवं. ‘टेस्ट्स अंडरस्कोर दंड’ चालत नाही, त्या एका जादा ‘एस’मुळे. टेस्ट क्लासला इनिट मेथड दिली तर तो क्लास इशारा देऊन वगळला जातो. पायटेस्टला एकही टेस्ट सापडली नाही तर तो 5 हा एक्झिट कोड देतो (प्रोग्राम संपताना शेलला कळवतो तो आकडा, 0 म्हणजे यश), म्हणून निदान सर्व्हरवर तरी बिल्ड अडतं. युनिटटेस्ट मात्र पायथन 3.12 येईपर्यंत ‘रॅन 0 टेस्ट्स’ आणि त्याखाली ‘ओके’ असं खुशाल छापायचं.

पायथनमधली आणखी एक चूक याहून कपटी. कॉपी-पेस्ट करताना दोन टेस्टची नावं सारखीच राहिली, तर दुसरी पहिलीला गिळून टाकते. एरर नाही, इशारा नाही. दहा लिहिल्या, नऊ चालल्या. जावा, गो आणि रस्टमध्ये हा प्रकार कंपायलरच पकडतो. त्यामुळे पायथनमध्ये शेवटच्या ओळीतली संख्या मोजायची सवय लावून घ्या.

जावात मेव्हनचं शुअरफायर प्लगइन ‘टेस्ट’ने सुरू होणारे, किंवा ‘टेस्ट’, ‘टेस्ट्स’ वा ‘टेस्टकेस’ने संपणारे क्लासच उचलतं. ‘दंडचेक’ नावाचा क्लास तसाच पडून राहतो. शुअरफायर 2.22.0 पेक्षा जुनं असेल तर जेयुनिट 5 च्या टेस्ट त्याला आपसूक दिसत नाहीत. पॉममध्ये, म्हणजे मेव्हनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, आवृत्ती वाढवा. आणि इम्पोर्ट तपासा: ‘टेस्ट’ नावाचं अ‍ॅनोटेशन जेयुनिट 4 मध्येही आहे आणि 5 च्या ज्युपिटर पॅकेजमध्येही. आयडीई पहिलं सुचवतो, आपण एंटर मारतो आणि तासभर डोकं खाजवतो.

गोमध्ये फाइल ‘अंडरस्कोर टेस्ट’ने संपायला हवी आणि फंक्शनच्या नावात ‘टेस्ट’नंतरचं अक्षर कॅपिटल हवं. नुसतं ‘गो टेस्ट’ फक्त त्या फोल्डरपुरतं चालतं. सगळ्या प्रोजेक्टसाठी त्यापुढे ./... लावा. रस्टमध्ये फंक्शनच्या डोक्यावरचं टेस्ट अ‍ॅट्रिब्यूट विसरलं की ते साधं फंक्शन ठरतं. कंपायलर ‘कधीच वापरलं नाही’ अशी कुरकुर करतो, ती वाचा. जेस्टमध्ये डीबग करताना लावलेलं ‘डॉट ओन्ली’ तसंच राहिलं तर त्या फाइलमधल्या बाकीच्या टेस्ट वगळल्या जातात आणि निकाल हिरवाच राहतो.

टेस्ट चालते, पासही होते, पण कोड तर चुकीचा आहे. हे कसं शक्य आहे?

जावास्क्रिप्टमध्ये पहिला संशय अवेटवर घ्या. असिंक फंक्शनच्या निकालावर रिझॉल्व्ह्ज किंवा रिजेक्ट्स लावून एक्स्पेक्ट लिहिलं, पण त्याआधी अवेट घातलं नाही, तर तुलना व्हायच्या आत टेस्ट संपते. संपताना एरर नव्हती, म्हणून पास. अशा टेस्टच्या सुरुवातीला ‘एक्स्पेक्ट डॉट असर्शन्स’ने किती तुलना व्हायला हव्यात तो आकडा सांगून ठेवा.

पायथनमध्ये असर्टच्या पुढे तुलना आणि संदेश दोन्ही एकाच कंसात घातले तर ते टपल होतं. रिकामं नसलेलं टपल कायम खरं, त्यामुळे टेस्ट कायम पास. पायथन यावर इशारा देतो, तो नजरेआड करू नका.

सीमध्ये असर्ट मॅक्रो वापरून टेस्ट लिहिल्या असतील तर रिलीज बिल्डकडे बघा. तिथे एनडीबग डिफाइन केलेलं असेल तर सगळे असर्ट गायब होतात आणि रिकामा प्रोग्राम यशस्वीपणे चालतो.

0.1 अधिक 0.2 बरोबर 0.3 ही टेस्ट फेल का जाते?

कारण बहुतेक दशांश अपूर्णांक बायनरीत नेमके बसत नाहीत, उत्तर 0.30000000000000004 येतं. फ्लोटची तुलना थेट करायची नाही, किती फरक चालेल ते सांगायचं. पायटेस्टमध्ये अ‍ॅप्रॉक्स, युनिटटेस्टमध्ये असर्ट-ऑलमोस्ट-ईक्वल, जेयुनिटमध्ये असर्ट-ईक्वल्सचा तिसरा आकडा, जेस्टमध्ये टू-बी-क्लोज-टू. यातला शेवटचा जरा ढिला आहे: काही सांगितलं नाही तर तो दोन दशांश स्थळांपुरतंच बघतो, म्हणजे 10.004 आणि 10 त्याला सारखेच. रुपये-पैशांचा हिशेब असेल तर फ्लोटच्या नादी लागू नका, पैसे पूर्णांकात मोजा.

पूर्णांकात आणताना राउंडिंगची गाठ पडतेच. 2.5 चं राउंड पायथनमध्ये 2 येतं, सी शार्पच्या मॅथ-राउंडमध्येही 2. जावा, जावास्क्रिप्ट, गो आणि पीएचपीत 3. पायथन आणि सी शार्प बरोबर मध्ये असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे ढकलतात. बिलिंगचा कोड एका भाषेतून दुसरीत नेत असाल तर पहिली टेस्ट 2.5 वर आणि दुसरी 3.5 वर लिहा.

टेस्टचं नाव मराठीत दिलं तर चालेल का?

चालतं, आणि कधीकधी बरंही पडतं: ‘सातव्या_दिवशी_दंड_नाही’ हे नाव फेल झाल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पायथन 3, जावा, जावास्क्रिप्ट आणि 1.53 पासून रस्ट देवनागरी नावं घेतात. पायटेस्टच्या शोधासाठी सुरुवातीचं रोमन ‘टेस्ट’ मात्र लागतंच. गो नावात फक्त अक्षरं आणि अंक घेतो; काना, मात्रा, वेलांटी ही युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नसून चिन्हं, त्यामुळे ‘दंड’मधला अनुस्वारसुद्धा कंपायलर नाकारतो. गोमध्ये टी-रनला स्ट्रिंग म्हणून मराठी नाव द्या. त्यातल्या मोकळ्या जागांचे अंडरस्कोर होतात एवढंच. जेयुनिटमध्ये डिस्प्ले-नेम आहे, जेस्टमध्ये नाव मुळातच स्ट्रिंग असतं.

काही टर्मिनलांत जोडाक्षरं फुटलेली दिसतात. टीममध्ये मराठी न वाचणारे असतील तर हा हट्ट सोडलेला बरा.

मराठी मजकूर हाताळणाऱ्या फंक्शनच्या टेस्टमध्ये वेगळं काय बघायचं?

लांबी आणि समानता. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट 5 सांगतात, कारण ते काना आणि वेलांटी वेगळी मोजतात. गो आणि रस्टमध्ये लेन 15 येतं, कारण तिथे यूटीएफ-8 चे बाइट मोजले जातात आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. स्विफ्टचं काउंट 3 देतं: म, रा, ठी. ‘नाव 20 अक्षरांपर्यंत’ अशी अट तपासताना यांपैकी कुठली 20 हे आधी ठरवा. इंग्रजी नावांच्या टेस्टमध्ये हा फरक कधीच दिसत नाही.

समानतेत गंमत आहे ती ‘दुसऱ्या’मधल्या चंद्राकृती रफाराची. तो तीन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, तुलना केली की तिन्ही वेगळे. टेस्ट फेल जाते आणि ‘अपेक्षित दुसऱ्या, मिळालं दुसऱ्या’ असा चक्रावणारा संदेश येतो. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं) केलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, त्याला स्वतंत्र नियम लिहावा लागतो. शोध किंवा याद्यांचं काम असेल तर तिन्ही रूपं टेस्टमध्ये घाला, आणि युनिकोड एस्केपने घाला. थेट टाइप केली तर कीबोर्डने कुठलं रूप दिलं ते कळायला मार्ग नाही.

माझ्या लॅपटॉपवर फेल, सर्व्हरवर पास. किंवा उलट. कुणाचं खरं?

तारीख असेल तर दोघांचंही. भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे आहे, आणि सीआय सर्व्हर (कोड पुश केला की टेस्ट आपोआप चालवणारे) बहुधा यूटीसीवर असतात. जावास्क्रिप्टमध्ये स्थानिक 1 एप्रिल, रात्री 12 अशी तारीख बनवून तिचं टू-आयएसओ-स्ट्रिंग काढलं आणि पहिली दहा अक्षरं घेतली, तर लॅपटॉपवर 31 मार्च येतं. आर्थिक वर्षच बदललं. सर्व्हरवर 1 एप्रिल येतं आणि टेस्ट पास होते. बग खरा आहे, सर्व्हरला तो दिसत नाही इतकंच.

एकीकडे स्थानिक ‘आज’ आणि दुसरीकडे यूटीसीचा ‘आज’ घेणाऱ्या टेस्ट आपल्याकडे मध्यरात्री ते पहाटे साडेपाच एवढ्या वेळातच फेल होतात. दिवसा तपासायला बसलं की काहीच सापडत नाही. उपाय एकच: फंक्शनच्या आत ‘आत्ताची वेळ’ विचारायची नाही, ती बाहेरून आर्ग्युमेंट म्हणून द्यायची. शिवाय टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एकदा एशिया/कोलकाता आणि एकदा यूटीसी ठेवून सगळ्या टेस्ट दोनदा चालवा.

टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर फेल. काय करू?

कुठल्या तरी दुसऱ्या टेस्टने पसारा करून ठेवलाय: ग्लोबल यादी, तात्पुरती फाइल, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. जेयुनिट प्रत्येक टेस्ट मेथडसाठी क्लासचं नवं ऑब्जेक्ट बनवतं, पण स्टॅटिक व्हेरिएबल तसंच राहतं. कार्गो टेस्ट एका वेळी अनेक थ्रेडवर चालवतं. दोन टेस्ट एकाच नावाची फाइल लिहीत असतील तर कधी पास, कधी फेल. खात्री करायला थ्रेडची संख्या 1 करून बघा, पण तो इलाज समजू नका. फाइलसाठी पायटेस्टचं टीएमपी-पाथ किंवा गोचं टेम्पडर वापरा, प्रत्येक टेस्टला कोरं फोल्डर मिळतं. गोमध्ये शफल ऑन केलं की क्रमावर टेकलेल्या टेस्ट पटकन उघड्या पडतात.

गोमध्ये निकालापुढे ‘कॅश्ड’ दिसलं तर टेस्ट पुन्हा चाललेलीच नाही. काउंट 1 द्या.

मॉक कधी वापरायचा?

मॉक म्हणजे टेस्टपुरता खऱ्याच्या जागी ठेवलेला नकली तुकडा. जितका कमी तितकं बरं. एसएमएस पाठवणं, पेमेंट, बाहेरचा एपीआय यांच्यासाठी ठीक. दंड काढणाऱ्या फंक्शनला मॉक लागत असेल तर फंक्शनमध्ये नको ती कामं शिरली आहेत. हिशेब एकीकडे आणि पाठवणं दुसरीकडे करा. पायथनमध्ये पॅच लावूनही (म्हणजे खऱ्या फंक्शनच्या जागी मॉक बसवूनही) खरा एसएमएस जातोय अशी तक्रार असते. कारण पॅच व्याख्येच्या जागी लावलेला असतो. तो लावायचा वापराच्या जागी. बिलिंग मॉड्यूलने ‘फ्रॉम एसएमएस इम्पोर्ट पाठव’ असं केलं असेल तर पॅच बिलिंगमधल्या ‘पाठव’वर.

सीमध्ये टेस्ट जोडली की ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ मेन’ येतं.

तुमच्या प्रोग्रामलाही मेन आहे, टेस्टलाही. मेन एकट्याच एका फाइलमध्ये ठेवा, बाकीची फंक्शन्स दुसरीत, आणि टेस्ट फक्त त्या दुसरीला लिंक करा. रस्टमध्येही हेच: टेस्ट्स फोल्डरमधल्या टेस्टना मेनच्या फाइलमधली फंक्शन्स दिसत नाहीत, ती लिब फाइलमध्ये हलवावी लागतात.

प्रायव्हेट फंक्शन टेस्ट करू का?

नको. पब्लिक फंक्शनमधून जा.

कव्हरेज किती टक्के हवं?

ती ओळ टेस्टच्या वेळी चालली एवढंच कव्हरेज सांगतं. उत्तर कोणी तपासलं का, हे सांगत नाही. एकही असर्ट न लिहिता 100 टक्के गाठता येतात. त्याचा खरा उपयोग उलट बाजूने: लाल, म्हणजे टेस्टमध्ये न चाललेल्या, ओळींची यादी काढा, त्यात दंड, व्याज, परवानगी असलं काही दिसलं तर तिथे टेस्ट लिहा. गेटर-सेटरमागे धावू नका.

एआयकडून टेस्ट लिहून घेतल्या तर?

कोड दाखवून मागितल्या तर तो कोडच आरशात दिसतो: 7 वर 5 येत असेल तर ‘7 वर 5 यावं’ अशीच टेस्ट मिळू शकते. नियम मजकुरात द्या, कोड दाखवू नका, अपेक्षित आकडे स्वतः कागदावर काढा. आणि 7 चा 8 करून बघणं इथेही चुकत नाही.

जुना प्रोजेक्ट आहे, हजारो ओळी, टेस्ट एकही नाही. कुठून सुरू करू?

पुढच्या बगपासून. बग आला की दुरुस्तीच्या आधी तो पकडणारी टेस्ट लिहा, लाल होऊ द्या, मग दुरुस्त करा. जिथे बग येतात तिथेच टेस्ट साचत जातात. एखादं किचकट फंक्शन बदलायचंच असेल तर ते आज काय उत्तर देतं तेच आधी टेस्टमध्ये नोंदवा, ते चुकीचं वाटलं तरी. त्या चुकीवर कोणाचा तरी रिपोर्ट उभा असू शकतो.

पहिल्याच दिवशी टेस्ट सीआयवर लावा, पाच असल्या तरी. आणि लावल्यावर एक टेस्ट मुद्दाम मोडून पुश करा. बिल्ड अडलं नाही तर एक्झिट कोड वाटेत हरवतोय: आउटपुट पाइपने टी कमांडला दिलं की शेल टी चा कोड धरतं, टेस्टचा नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल चालू करा आणि मोडलेली टेस्ट पुन्हा पुश करून बघा.